घोंगडीचा माग आणि सात मात्रा : एका माहितीपटाच्या संगीताच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४

लॉक झालेला कट, म्हणजे चित्राचं पक्कं संपादन, आज हातात आला. लांबी २६ मिनिटं. सांगोला तालुक्यातल्या एका गावातला घोंगडीचा माग, तो चालवणारे सनगर समाजातले आबा, लोकर कातणाऱ्या आजी, आणि मेंढरं. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, गाणंही नाही. माणसं जे बोलत नाहीत ते सगळं वाद्यांनी बोलायचं आहे.

दिग्दर्शिकेशी तासभर बोलणं झालं. तिची एकच अट आहे, संगीतानं रडवायचं नाही. मला ती मनापासून मान्य आहे.

संगीताच्या नऊ जागा ठरल्या. सगळ्यात मोठी जागा मागाची आहे. १ मिनिट ५२ सेकंदांचा एकच अखंड शॉट, कॅमेरा जागचा हलत नाही. आबा खड्ड्यात पाय सोडून बसलेत आणि विणतायत, एवढंच. ही जागा जमली तर बाकीच्या आठ तिच्यातूनच निघतील असं वाटतंय, म्हणून सुरुवात इथून करणार.

७ नोव्हेंबर

आज एकही सूर लावला नाही. दिवसभर मागाचं रेकॉर्डिंग ऐकलं.

धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं लाकूड, किती वेळा जातो ते मोजलं. ५६ वेळा. ११२ सेकंदांत ५६, म्हणजे एका फेरीला सरासरी दोन सेकंद. पण एका फेरीच्या आत काय काय वाजतं ते महत्त्वाचं. आधी पायाखालची पट्टी दबते, तेव्हा लाकूड बारीक कुरकुरतं. मग उभे धागे फाकतात. लोकर केसाळ असते. ताण्याला चिंचोक्याची खळ दिली तरी धागे एकमेकांना बिलगून बसतात आणि सुटताना सुका पाला चुरगळल्यासारखा आवाज करतात. मग धोटा सरकतो. हे तिन्ही आवाज हलके, वरच्या पट्टीतले. त्यानंतर आडवा धागा ठोकून बसवणारी फणी दोनदा बसते. धप्, आणि जरा थांबून पुन्हा धप्.

तीन हलके आवाज, एक जड, एक रिकामी जागा, पुन्हा एक जड आणि रिकामी जागा. तीन, दोन, दोन. आठ मोजून पाहिले तर प्रत्येक फेरीला एक मात्रा शिल्लक राहते आणि चार-पाच फेऱ्यांत मी आबांच्या मागे पडतो. सात मोजले की हात बरोबर त्यांच्या हातावर पडतो.

मला विषम मात्रांचं आकर्षण कॉलेजपासून आहे आणि त्या ओढून-ताणून आणण्याची सवयही होती. इथं मला काही आणावं लागलं नाही, म्हणून आज फार बरं वाटतंय.

१० नोव्हेंबर

पहिला आराखडा दिग्दर्शिकेला पाठवला. सात मात्रा, एका मिनिटाला २१० मात्रांची गती, म्हणजे आवर्तन बरोबर दोन सेकंदांचं. पहिल्या मात्रेवर चेलोचा भारदस्त खर्ज, वर बासरी.

तिचं उत्तर आलं, ‘दर वेळी ठेच लागल्यासारखं वाटतं.’

पाच-सहा वेळा ऐकलं. ती बरोबर सांगतेय. गणित चुकलेलं नाही, आवर्तन आबांच्या फेरीइतकंच आहे, तरी संगीत लंगडतंय. सातव्या मात्रेनंतर कुणीतरी आठवी हिसकावून घेतल्यासारखं होतं.

११ नोव्हेंबर

रात्री एक आडवाट धरून पाहिली. मागाच्या खऱ्या रेकॉर्डिंगमधली एकच फेरी कापली आणि तिचाच लूप केला. १९८४ च्या ‘द टर्मिनेटर’मध्ये संगीतकार ब्रॅड फिडेल यांच्याकडून सिंथेसायझरवर लूप बंद करताना बटण किंचित आधी दाबलं गेलं, ताल तेरा-सोळांशाचा झाला आणि त्यांनी तो तसाच ठेवला. ती चाल त्या चित्रपटाला घट्ट बसते, कारण तिथं पाठलाग करणारं यंत्र आहे. दमणं नाही, थांबणं नाही, सवयीचा डौल नाही.

माझा लूपही तसाच वाजला. एकच फेरी हुबेहूब ५६ वेळा ऐकली की आबा यंत्र होतात. त्यांची एक फेरी १.९ सेकंदांची असते, पुढची २.१ ची. एकदा धागा तुटल्यासारखा वाटतो आणि ते निम्मा सेकंद जास्त थांबतात. ते सगळं लूपमध्ये मेलं. फाइल काढून टाकली.

१३ नोव्हेंबर

आजचा दिवस या कामातला सगळ्यात मोठा. सविस्तर लिहून ठेवतो.

तबला वाजवणाऱ्या मित्राला फोनवर मागाचा आवाज ऐकवला, माझं संगीत नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग आवाजावर बोल म्हणायला लागला,

ती ती ना । धी ना । धी ना

“अरे, हा सरळ रूपक आहे. तू समेवर वजन का टाकतोयस? रूपकाची सम ‘खाली’वर असते.”

लहानपणापासून मला हे पाठ आहे. रूपक हा असा ताल आहे की ज्याची सम, म्हणजे पहिलीच मात्रा, ‘खाली’ आहे, टाळीविना. बाकीच्या तालांत समेवर टाळी देतो, इथं हात उलटा करतो. पण पाठ असणं वेगळं आणि कामात सुचणं वेगळं. ‘ती’ आणि ‘ना’ दायाँवर, म्हणजे उजव्या तबल्यावर वाजतात, डग्ग्याचा घुमारा त्यात नसतो. घुमारा येतो तो ‘धी’ला, म्हणजे चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. आणि आबांची फणी कुठं बसते? चौथ्यावर आणि सहाव्यावर. पट्टी, धागे, धोटा हे तीन हलके आवाज म्हणजे ती, ती, ना. त्यांच्यात खर्ज नाहीच.

मी पहिल्या मात्रेवर चेलो ठेवून आबांचा ताल उलटा केला होता. पट्टी दाबणं ही तयारी आहे, काम नाही. काम फणीचं. माझं संगीत तयारीवर धपका देत होतं आणि कामाच्या क्षणी गप्प बसत होतं. ठेच तिथं लागत होती, सात या आकड्यात नव्हे.

चेलो पहिल्या मात्रेवरून उचलला आणि चौथी-सहावीवर ठेवला. दुसरं काहीच बदललं नाही. लंगडणं गेलं.

फोन ठेवल्यावर अमेरिकन जाझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांची आठवण झाली. १९५८ च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून त्यांनी नऊ मात्रांची दोन-दोन-दोन-तीन अशी चाल ऐकली आणि पुढच्या वर्षी तिच्यावर ‘ब्लू रोन्डो आ ला टर्क’ बांधलं. त्या वादकांच्या अंगात ती चाल रोजची होती. विषम ताल म्हणजे काहीतरी चमत्कारिक, हे बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं. सात मात्रा माझ्या घरातच होत्या आणि मी त्या पाश्चात्त्य ताल-खुणेच्या दारानं शोधायला गेलो, याचं थोडं वाईट वाटलं.

१६ नोव्हेंबर

सूत्र-स्वरावली ठरली. संपूर्ण माहितीपटात फिरून फिरून येणारा तुकडा हाच,

सा ऽ रे । प म । रे ऽ

पाच स्वर, सात मात्रा. ‘प’ चौथ्या मात्रेवर, शेवटचा ‘रे’ सहाव्यावर, म्हणजे दोन्ही धपक्यांवर एकेक स्वर. सूर सारंग रागाच्या अंगाचे आहेत. शूटिंगचा बहुतेक भाग भर दुपारचा आहे, म्हणून सारंग. ‘रे’वरून एकदम ‘प’वर जाणारी उडी मल्हारातही भेटते. पाण्याची वाट बघत आयुष्य काढणाऱ्या तालुक्यात ती एवढीशी चाहूल मला हवीच होती.

तुकडा मुद्दाम आखूड ठेवला. जर्मन संगीतकार वाग्नर चार रात्रींच्या संगीतनाट्यात एकेक स्वरावली तासन् तास फिरवू शकत होता. माझ्याकडे २६ मिनिटं आहेत आणि ऐकणारा आधी चित्र बघणार आहे. कानाला नकळत ओळख पटली पाहिजे. आणि ओळख फक्त सुरांनी पटत नाही. आज एक प्रयोग केला. हेच पाच सूर चार मात्रांत बसवून बायकोला ऐकवले. ती म्हणाली, ‘हे दुसरं काहीतरी आहे.’ मग सूर पार बदलले आणि फक्त लांबी-आखूडपणा तोच ठेवला. ती लगेच म्हणाली, ‘हा, हे मागाचं.’ म्हणजे या स्वरावलीचा चेहरा तिच्या चालीत आहे.

१९ नोव्हेंबर

मागाच्या जागेची बांधणी.

दोन थर केले. खालच्या थरात सात मात्रांचा ठेका, आबांच्या फेरीबरोबर. वरच्या थरात व्हायोलिनवर तेच पाच सूर, पण प्रत्येकी एकेक मात्रेचे, मध्ये जागा न सोडता. सा रे प म रे, सा रे प म रे. पाच मात्रांचं हे चक्र सातांवर घसरत जातं. पहिल्या आवर्तनात ‘सा’ समेवर, दुसऱ्यात समेवर ‘प’ येतो, तिसऱ्यात शेवटचा ‘रे’, असं. ३५ मात्रांनी, म्हणजे सुमारे दहा सेकंदांनी, दोन्ही चक्रं पुन्हा एकत्र समेवर येतात. विणकामातही हेच होतं. उभा धागा जागचा असतो, आडवा त्याच्यातून सरकत राहतो आणि ठरावीक अंतरानं वीण पुन्हा जुळते.

मग पूर्ण जागेचं गणित मांडलं. ५६ आवर्तनं गुणिले ७ म्हणजे ३९२ मात्रा. ३५ मात्रांच्या अकरा फेऱ्या झाल्या की ३८५. उरतात सात. नेमकं एक आवर्तन. आणि शॉटमध्ये काय आहे? छप्पन्नाव्या फेरीला आबा धोटा टाकतात, फणी दोनदा ठोकतात आणि हात मांडीवर ठेवतात. अकरावी फेरी जिथं जुळते तिथं व्हायोलिन थांबवलं. शेवटच्या आवर्तनात एकही वाद्य नाही, फक्त माग. हे मी योजलेलं नव्हतं. शॉटची लांबी दिग्दर्शिकेनं ठरवली, फेऱ्या आबांनी. मी फक्त बाजूला झालो.

लूपचा धडा लक्षात ठेवून मागाला क्लिकवर, म्हणजे ठरावीक वेगाच्या टिकटिकीवर, ओढलं नाही. उलट सॉफ्टवेअरमधल्या गतीच्या ५६ खुणा एकेक करून आबांच्या फणीवर हातानं नेऊन ठेवल्या. चार तास लागले. आता संगीत त्यांच्या मागून चालतं.

२४ नोव्हेंबर

आजी चरख्यावर लोकर कातताहेत ती जागा. पाहिल्याबरोबर पुन्हा सात लावले आणि पुन्हा चुकलो. इथं ठेका नाहीच. चाक फिरतं, धागा लांबतो, हात वर जातो, परत येतो, आणि त्याला लागतो तेवढा वेळ लागतो.

मग ओवी आठवली. आपली ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची, चौथा चरण आखूड. सव्वासातशे वर्षांपूर्वीच्या ज्ञानेश्वरीपासून हा आखूड शेवट मराठी कानात आहे. आपल्याला तो तुटका वाटत नाही, उलट त्या आखूड चरणावरच ओवी टेकते. आणि जात्यावरची ओवी गाताना बाई मात्रा मोजत नाही, जात्याच्या फेऱ्याबरोबर श्वास सोडते.

तसंच केलं. बासरीवर चार वाक्यं. पहिली तीन ऐसपैस, चौथं निम्म्यावर टेकणारं. ताल नाही, क्लिक नाही. सूत्र-स्वरावली फक्त चौथ्या वाक्यात, तीही पहिल्या तीन सुरांपुरती. बाकीचे दोन सूर ऐकणाऱ्याच्या मनात वाजतील. साडेतीन म्हणजे साताचा अर्धा, त्यामुळे मागाशी नातं आतून राहतंच.

२८ नोव्हेंबर

बाजाराची जागा. इथं पाच मात्रा, झपतालाच्या अर्ध्या अंगाच्या, दोन-तीन. प्रश्न असा पडला की मात्रेचा वेग तोच ठेवायचा की आवर्तनाचे दोन सेकंद? आवर्तन दोन सेकंदांचं ठेवलं तर मिनिटाला १५० मात्रा होतात आणि बाजार रेंगाळतो. मात्रा २१० चीच ठेवली तर आवर्तन जेमतेम १.४ सेकंदांत संपतं. दुसरं निवडलं. वेग वाढलेला नाही, पण सातांना सरावलेल्या कानाला दोन मात्रा कमी मिळतात आणि धाप लागल्यासारखी होते. बाजारात घोंगडी पुढ्यात घेऊन बसलेल्या माणसाची घालमेल अशीच असते.

यंत्रमागाची जागा दीड मिनिटाची. तिथं कडक चार मात्रा ठोकायच्या, म्हणजे हाताचं ते सात आणि यंत्राचं ते चार, असा मोह झाला होता. सोडून दिला. यंत्रमागावरही माणूसच उभा आहे, बारा-बारा तास. त्याला खलनायक करणारं संगीत मी करणार नाही. म्हणून तीच स्वरावली आठ मात्रांत ठेवली. पाच सूर आणि तीन मात्रा रिकाम्या. त्या तीन मात्रांत यंत्राचा खडखडाट येतो. दिग्दर्शिकेनं ऐकल्यावर बराच वेळ काही लिहिलं नाही, मग ‘राहू दे’ एवढंच आलं.

३ डिसेंबर

सगळी जोडणी सलग बघितली. स्वरावली २३ वेळा येत होती. दहाव्या मिनिटाला मलाच नकोशी झाली. आज चौदा जागांवरून काढली. मेंढरांच्या जागेतून पूर्ण काढली, तिथं फक्त वाऱ्याचा आणि घंटांचा आवाज ठेवला. आता नऊ वेळा येते, आणि प्रत्येक वेळी काहीतरी वेगळं कारण घेऊन येते.

एका जागी रूप बदललं. आबांच्या घरातला दुसरा माग बंद आहे. खड्ड्यावर फळी टाकून वर धान्याची पोती रचली आहेत, कॅमेरा त्यावरून सावकाश जातो. तिथं फक्त रिषभ कोमल केला. सारंगाची दुपार मावळली आणि जोगिया रागाची सावली आली. ताल तोच, सातच. पण चौथ्या आणि सहाव्या मात्रेवरचे धपके काढले. चाल आहे आणि काम नाही. दिग्दर्शिकेची अट मनात धरून चेलोही काढला, एकट्या व्हायोलिनवर ठेवलं.

९ डिसेंबर

रेकॉर्डिंग, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. संबळ, तबला, व्हायोलिन, चेलो, बासरी.

सकाळचे दोन तास वाया गेले. कानात सात सारख्या टिकटिकी घेऊन कुणालाच मोकळं वाजवता येईना. व्हायोलिनवाली एकेक मात्रा मोजत होती आणि गज प्रत्येक मोजणीला अडत होता. शेवटी टिकटिक बंद केली. मित्राला आतल्या खोलीत बसवून आबांच्या गतीवर साधा रूपक वाजवायला लावला आणि सगळ्यांच्या कानात तोच दिला. पुढचा टेक पहिल्या झटक्यात आला. चेलोवाला पाश्चात्त्य शिस्तीत वाढलेला, त्यानं स्वतःपुरतं ‘एक दोन तीन, एक दोन, एक दोन’ लिहून घेतलं. त्यालाही अडलं नाही.

संबळवाले काका गोंधळी परंपरेतले. त्यांना मी सात-पाच सांगायला लागलो तर म्हणाले, “दादा, आकडं नका सांगू. चाल दावा.” पडद्यावर आबांचा शॉट लावला. त्यांनी तो एकदा पाहिला, दुसऱ्यांदा बघताना बाकदार काठी उचलली आणि फणीबरोबर खालच्या संबळावर घासून ठोका दिला. धप्, धप्. त्या घासण्यातून लोकरीचा खरखरीतपणा आला. चेलोनं तिथं वेगळं काही करायचं उरलं नाही, म्हणून पहिल्या वीस आवर्तनांतून चेलो काढला.

१७ डिसेंबर

मिक्स. स्टुडिओत सगळं नीट. घरी येऊन मोबाइलवर ऐकलं आणि पोटात गोळा आला. ताल गायब. संबळाचा आणि फणीचा धपका साधारण ९० हर्ट्झच्या आसपास आहे, मोबाइलच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही. चौथी-सहावी गेली की उरतात पहिल्या तीन हलक्या मात्रा, आणि कान त्यांनाच वजन समजतो. म्हणजे १० नोव्हेंबरची ठेच जशीच्या तशी परत. बहुतेक लोक हा माहितीपट हातातल्या फोनवरच बघणार आहेत.

खर्ज वाढवून उपयोग नाही, तो तिथं पोचतच नाही. उद्या दिग्दर्शिकेकडची जुनी फणी मागवतो.

१९ डिसेंबर

फणीच्या दातांवर नख हलकेच ओढून रेकॉर्ड केलं. दोन किलोहर्ट्झच्या वरचा बारीक, कोरडा आवाज. तो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, धपक्याच्या अगदी पोटाशी, इतका खाली ठेवला की मोठ्या स्पीकरवर वेगळा कळत नाही. मोबाइलवर धपका जातो आणि हा राहतो. दिवसभर चार वेगवेगळ्या फोनांवर ऐकलं. सर्वांत स्वस्त फोनवरही चौथी मात्रा उभी राहते.

२० डिसेंबर

शेवटची फाइल पाठवली. नऊ जागांचे सुटे ट्रॅक वेगळे, पूर्ण मिक्स वेगळं. सोबत एक चिठ्ठी, की मागाच्या जागेचं छप्पन्नावं आवर्तन रिकामंच आहे, ते चुकून राहिलेलं नाही, तिथं कुणी काही भरू नये.